लेकराची साक्ष आणि पुराव्याची कसोटी

(वसंत व्याख्यानमाला, गोरेगाव, जि. गोंदिया)



गोंदियाहून बल्लारशाकडे निघालं की वाटेत वडसा लागतं. कागदोपत्री नाव देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात 26 मार्च 1972 च्या रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, अशी फिर्याद होती आणि आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस होते. मुलीचं नाव मी घेत नाही. कायद्याच्या पुस्तकांत खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून नोंदलेला आहे.

सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा सुनावली आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा अर्थ लावला गेला. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले, 1983 साली कायदा बदलला. हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वैद्यकीय तपासणीत मुलीचं वय 14 ते 16 निघालं होतं. तेव्हा संमतीच्या वयाची मर्यादा 16 होती. ती सोळाच्या आत होती याचा समाधानकारक पुरावा नाही, असं सत्र न्यायालयाचं मत पडलं. तो पुरावा असता, तर संमती होती की नव्हती हा वादच उरला नसता.

म्हणून मी आज कोर्टाबद्दल जेवढं बोलणार आहे, तेवढंच गावाबद्दलही बोलणार आहे. असे खटले पुष्कळदा कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचायच्या आधीच गावात कच्चे होतात.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘लहान पोराच्या शब्दावर कुणाला शिक्षा होते का?’ होते. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात आठ वर्षांच्या मुलीची साक्ष होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. ते आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा टेकू हवाच असा कायदा नाही, टेकूविना शिक्षा देण्यातली जोखीम मात्र न्यायाधीशानं मनाशी तोलली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. साक्ष देण्याला वयाची अट नाही. प्रश्न कळतो का आणि त्याचं समजेल असं उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश आधी पाहतात.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. ‘पोक्सो लागला म्हणजे आरोपी गेलाच.’ बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या या कायद्याचं कलम 29 सांगतं की, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत आरोपीनं गुन्हा केला असं कोर्टानं गृहीत धरावं, तसं नाही हे आरोपीनं दाखवावं. पण मूळ घटना सरकार पक्षानं आधी सिद्ध केल्याशिवाय हे गृहीतक उभंच राहत नाही, असं नागपूर खंडपीठानं 2018 साली स्पष्ट केलं. वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो. ते योग्यच आहे. तुमच्यामाझ्या घरातला निरपराध माणूसही याच कसोटीमुळे वाचतो. ती सैल करा, असं मी म्हणणार नाही. तिला उतरेल असा पुरावा जपणं आपल्या हातात आहे.

पहिला पुरावा वयाचा. संमतीच्या वयाची मर्यादा आता 18 आहे. कोर्ट आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र बघतं, नंतर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल, तरच हाडांच्या तपासणीवर जातं. नुसती टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली बजावलं. मुख्याध्यापक दाखल-खारीज रजिस्टर घेऊन पिंजऱ्यात उभे राहतात आणि वकील विचारतात, ‘ही तारीख कशावरून लिहिली?’ ‘बापानं सांगितली म्हणून,’ हे उत्तर आलं की पुरावा डळमळला. पहिलीत नाव घालताना सोयीची म्हणून लिहिलेली जूनमधली तारीख अशी दहा वर्षांनी आडवी येते. कधी ती मुलीचा न्याय हिरावते, कधी एखाद्या पोराला नाहक तुरुंगात धाडते.

दुसरा पुरावा खुद्द लेकराचा शब्द. मुलगी आईला सांगते. मग काकू विचारते, शेजारीण विचारते, सरपंच विचारतात. प्रत्येक वेळी एखादा शब्द वाढतो, एखादा गळतो. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं हेच धरतो आणि म्हणतो, साक्ष पढवलेली आहे. म्हणून एकदाच ऐका, तिच्या शब्दांत ऐका, आपले शब्द तिच्या तोंडी घालू नका. पुढची काळजी कायद्यानं घेतली आहे. जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, अंगावर गणवेश नको. कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलीला विचारतात. आरोपी तिच्या नजरेस पडू द्यायचा नाही. कोर्टानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत तिची साक्ष नोंदवावी, एक वर्षात शक्यतो खटला संपवावा, असंही कायदा म्हणतो.

तिसरा पुरावा वैद्यकीय. जखम नाही म्हणजे अत्याचार नाही, हा देसाईगंजचा तर्क आता टिकत नाही. ‘टू फिंगर टेस्ट’ही सर्वोच्च न्यायालयानं अमान्य केली आहे. पण आई लाजेनं पोरीला आंघोळ घालते, कपडे धुऊन टाकते आणि प्रयोगशाळेकडे पाठवायला काही उरत नाही. कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या.

आणि शेवटचं, समझोता. बैठक बसते, पैशाचा आकडा ठरतो, मग साक्षीदार फितूर होतात. हा गुन्हा आपसात मिटवायचा अधिकार कुठल्याच पंचांना नाही. उलट, माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोच्या कलम 21 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक 1098, शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

कोर्टाकडे आपण न्याय मागतो, तो मागूच. पण न्यायाधीश समोर आलेलंच तोलू शकतात. येत्या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश होतील. प्रत्येक शाळेनं जन्मदाखला पाहूनच तारीख लिहावी आणि नसेल तिथं ग्रामपंचायतीकडून तो काढून घ्यावा, एवढा ठराव येत्या ग्रामसभेत करून घ्या.