दगड शिकून पोट भरेल का?

भूविज्ञानात बी.एस्सी. करतो म्हणणाऱ्या मुलाला घरातून हाच प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण आधी हे शिक्षण असतं कसं, ते पाहू.

प्रयोगशाळेत खडकाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची करतात. मग तिच्यातून उजेड आरपार जातो. बाहेरून काळाकुट्ट दिसणारा बेसॉल्ट सूक्ष्मदर्शकाखाली करड्या-पांढऱ्या काड्या आणि मधूनमधून रंगीत कण दाखवू लागतो. दगडाविषयीचं मत इथे बरेचदा बदलतं.

खरा अभ्यास मात्र बाहेर, उन्हात. हातोडा, भिंग, थरांचा उतार मोजणारा क्लायनोमीटर आणि नकाशा घेऊन दिवसभर चालायचं. ज्याला चालण्याचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के जमीन साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टची. घाटात लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि कुठे कुठे दोन थरांमध्ये तांबडा पट्टा असतो. एक थर निवून दुसरा येईपर्यंत वरचा खडक कुजून माती झाली, तिचा तो पट्टा. लाव्हा थांबून थांबून आला, हे त्यावरून कळतं. पुण्याच्या विद्यार्थ्याची पंचाईत एवढीच, की जिकडे जावं तिकडे बेसॉल्ट! जुने खडक पाहायला सिंधुदुर्ग, कोळशाचे थर पाहायला चंद्रपूर आणि समुद्री जीवाश्म गोळा करायला थेट तमिळनाडूतलं अरियलूर गाठावं लागतं.

आता पोटाचं. नुसत्या बी.एस्सी.वर फारसं भागत नाही, एम.एस्सी. करावीच लागते. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं, तर लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. खाणी, तेल, धरणं, बोगदे इथेही माणसं लागतात. मला मात्र आपल्याकडे सर्वांत मोलाचं वाटतं ते भूजलाचं काम. अखंड कातळ पाणी देत नाही. भेगाळलेला, कुजलेला किंवा सच्छिद्र थर देतो. तो कुठे आणि किती खोल आहे, हे न बघता गावोगाव नारळ हातात धरून बोअरची जागा ठरते आणि शेतकऱ्याचे पैसे कोरड्या भोकात जातात. हिमालय कसा घडला हे तोंडी परीक्षेत घडाघडा सांगणारा विद्यार्थी कधीकधी आपल्याच गावच्या विहिरीत डोकावून थर ओळखू शकत नाही. तेव्हा प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षाची पहिली सहल जवळच्या एखाद्या खोदकाम चाललेल्या विहिरीवर न्यावी. खर्चही फारसा नाही.