आयडी बंद म्हणजे काम गेलं
(घरोघरी जाऊन ब्यूटी पार्लरचं काम करणाऱ्या बायांच्या मेळाव्यातलं भाषण)



गिरणीत, कारखान्यात कामगाराला काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागायचं, चौकशी करावी लागायची. ती चौकशी कित्येकदा नावापुरतीच असायची, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी एक कागद हातात पडायचा. तो घेऊन युनियनकडे जाता यायचं, कामगार न्यायालयात जाता यायचं. अ‍ॅपवरून कामं घेणाऱ्या बाईला तो कागदही मिळत नाही. सकाळी मोबाइल उघडावा तर आयडी बंद!

माझ्याकडे आलेल्या एका बाईचं सांगते. तीन वर्षं काम केलेलं. किट कंपनीकडूनच घ्यायची सक्ती, त्यात स्कूटरचा हप्ता. मुलगा तापानं फणफणला म्हणून आठवड्यातली चार कामं तिनं रद्द केली आणि आयडी गेला. फोनवर उत्तर मिळालं, ‘सिस्टिमने केलंय.’ ही सिस्टिम कोण, बसते कुठे? आम्ही पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्या कामगार नाहीत, पार्टनर आहेत. दर ती ठरवत नाही, गिऱ्हाईक ती निवडत नाही, आणि म्हणे भागीदार!

यातली एक बाजू खास बायांची आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. परक्या घरात पुरुषानं अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर बाई काम अर्धवट टाकून निघणारच. निघायलाच हवं. पण अ‍ॅपमध्ये त्याची नोंद काय होते? ‘काम रद्द.’ वर त्या घरातून एक स्टार. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं राहत्या घरालाही कामाचं ठिकाण मानलं आहे. रेटिंगच्या हिशेबाला मात्र त्याचा पत्ता नाही. आयडी जाईल या भीतीनं किती जणी गप्प बसल्या असतील, तुम्हीच सांगा.

बाया गप्पच बसतात असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर ब्यूटिशियन बाया धरणं धरून बसल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनीच त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. 

आता कायद्याचं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनं ‘गिग कामगार’ हे नाव दिलं, कंपन्यांना निधीत पैसे भरायला लावले. चांगलं झालं. पण आयडी बंद करण्यावर तिच्यात बंधन नाही. कर्नाटकानं २०२५ च्या कायद्यात ते आणलं: काढायचं तर लेखी कारण द्या, चौदा दिवस आधी नोटीस द्या. कुणाला शारीरिक इजा केली असेल तर तेवढा अपवाद. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार तर खातं बंद करण्याचा निर्णय माणसानंच घ्यायला हवा, यंत्रानं नाही. आपल्या राज्यात आपण या दोन्ही गोष्टी मागायच्या. आणि तिसरी आपली स्वतःची: छळामुळे सोडलेलं काम ‘रद्द’मध्ये धरायचं नाही.

मागायला पुरावा लागतो. म्हणून आयडी बंद झाल्याचा मेसेज पुसू नका, त्याचा फोटो मैत्रिणीच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. रद्द केलेल्या प्रत्येक कामाची तारीख आणि कारण वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीला वह्या घेऊन या. सगळ्यांचे अर्ज एकत्र करून आपण कामगार आयुक्तांकडे जाणार आहोत.