मधल्या जागेवरचा गडी



आपल्या खामगावच्या शाळेत फुटबॉल खेळताना प्रत्येकाला पुढेच खेळायचं असायचं. मधली जागा उरेल त्याला.

गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स डेम्पोसाठी आणि भारतासाठी त्याच जागेवर खेळला. मागून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. पण २००८च्या एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी एकमेव गोल त्यानेच केला. भारताने तो चषक जिंकला आणि १९८४नंतर प्रथमच, २०११मध्ये, आशियाई चषकात खेळला.

माझ्या गोलांना तुम्ही टाळ्या दिल्या. ते चेंडू मला देणारा आज शेवटच्या रांगेत बसलाय. गड्या, आभार मानायला तीस वर्षं लागली. उभा राहा. या टाळ्या तुझ्या.