बाघची अंडी आणि चंबळेची मगर



इंदरगंजातून किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालाच्या संग्रहालयात ज्यांचे जाणे होते, त्यांना बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती परिचित असतील. बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानच्या अमझेरा जिल्ह्यात होते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मो. ब. गर्दे यांच्याकडे असताना, 1921 मध्ये, नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी ती चित्रे उतरून घेतली. जगाचे लक्ष लेण्यांकडे गेले. त्याच परिसरातील सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा ठेवा मात्र दृष्टीआड राहिला.

तो ठेवा म्हणजे डायनोसॉरची अंडी. हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद, धार जिल्ह्यातील शिक्षक विशाल वर्मा आदींनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या भागातील 92 घरटी व 256 अंडी नोंदली आहेत. ती टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी जातीची. प्राणी अजस्र, अंडे मात्र 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाचे, नारळाएवढे!

डायनोसॉर पृथ्वीवर अवतरले सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी. त्यांचा सारा काळ एकच समजण्याची चूक सर्रास होते. पाठीवर हाडांची पाती मिरवणारा स्टेगोसॉरस आणि हिंस्र टायरॅनोसॉरस यांच्यात जवळजवळ आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. टायरॅनोसॉरस आणि मनुष्य यांच्यातील अंतर त्याहून कमी भरते. अखेरीस मेक्सिकोजवळ प्रचंड अशनी कोसळला. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा कातळ त्याचाच. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या डोंगरात मात्र डायनोसॉरची हाडे शोधण्यात अर्थ नाही. तो वालुकाश्म डायनोसॉर जन्मण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधीचा आहे.

रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये दिलेल्या ‘डायनोसॉर’ या नावाचा अर्थ ‘भयंकर सरडा’. नाव गाजले, पण नात्याची दिशाभूल झाली. सरडा हा त्यांचा लांबचा भाऊबंद. मगर त्याहून जवळची. आणि पक्षी? ते तर डायनोसॉरांचेच थेट वंशज. 1996 मध्ये चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला डायनोसॉर उजेडात आला, तेव्हा या मताला मोठे बळ मिळाले. चंबळेच्या वाळवंटात ऊन खात पडलेली मगर शेजारच्या पालीपेक्षा काठावरच्या टिटवीला नात्याने अधिक जवळची आहे, हे ऐकून नवल वाटेल. शास्त्र तेच सांगते.

बाघजवळच्या पाडल्या गावी मिळालेल्या एका अंड्याने, ज्याचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, या नात्याचा एक नवा दुवा पुरवला. त्या अंड्याच्या पोटात दुसरे अंडे होते. कोंबडीच्या बाबतीत असे क्वचित घडते: तयार अंडे मागे ढकलले जाते व त्याभोवती नवे कवच चढते. सरपटणाऱ्या प्राण्यांत हा प्रकार आढळला नव्हता. टायटॅनोसॉर मगरीप्रमाणे उथळ खड्ड्यात अंडी पुरत असावेत. परंतु त्यांच्या अंडनलिकेची रचना पक्ष्यांच्या वळणावर गेली असावी, असे अभ्यासक म्हणतात. एका रोगट अंड्याने इतके सांगावे!

बाघ येथे 2011 मध्ये जीवाश्म राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, हे योग्यच झाले. तथापि सगळी घरटी कुंपणाआड आणता येत नाहीत. नांगराच्या फाळाला लागलेला गोल दगड फोडण्यापूर्वी शेतकऱ्याने तो एकदा गावच्या शाळामास्तरांना दाखवावा, एवढ्यासाठी त्या गावांत कोणीतरी सतत बोलत राहिले पाहिजे.