जुन्या हार्ड डिस्कमधला मजकूर हलवताना

संगणक बंद पडला म्हणजे हार्ड डिस्कही गेली, असं नसतं. बिघाड पुष्कळदा पॉवर सप्लायचा किंवा मदरबोर्डचा निघतो. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली बहुधा दिसू लागतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मात्र लावावा लागतो. मग ‘कट’ न करता ‘कॉपी’च करावं, नाहीतर मध्येच वीज गेली की अर्धा संसार इकडे, अर्धा तिकडे. डिस्क टकटक वाजत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरलेला बरा.

पण फायली आल्या म्हणजे मजकूर आला का? युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप होई. तिथे अक्षरांची नोंद रोमन अक्षरांच्या सांकेतांकांवर असते. नव्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर घराण्याची वंशावळ उघडावी आणि समोर रोमन अक्षरांचं कडबोळं यावं! आपण ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढं उचलतो, फॉन्ट मात्र विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये मागेच राहतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता, हे त्यांना सांगावं लागतं, आणि जोडाक्षरं नीट उतरली का, हे ताडून पाहायला मूळ रूप डोळ्यांसमोर हवंच. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.