न वापरलेल्या हीटरची गळती

येलदरीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. डाळ, मसाले, पापड जिंतूरच्या बाजाराला न्यायला आता काही गटांनी जुनी चारचाकी घेतली आहे, म्हणून आज गाडीच्या हीटरबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, परभणी जिल्ह्यात हीटर कशाला? खरंय. पौषात कधी पारा 5 अंशांखाली उतरतो, ते चार दिवस सोडले तर ते बटण कुणी फिरवत नाही. पण हीटर गाडीत असतोच, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी बारा महिने त्याच्यातून फिरतं. पुढं मोठा रेडिएटर असतो ना, तसाच वहीएवढा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत बसवलेला असतो. त्याला हीटर कोर म्हणतात. तो सडला, की इंजिनाचं पाणी हळूहळू गाडीच्या आतच गळतं. बाहेर थेंब दिसत नाही, आणि भर उन्हात भरल्या मालासकट इंजिन तापून बंद पडतं.

ओळखायचं कसं? पुढं बसणाऱ्याच्या पायाखालची मॅट ओली आणि चिकट लागते. गाडीत गुळचट वास येतो. समोरची काच आतून धुरकट होते, पुसली तर तेलकट फराटे उठतात. कूलंटच्या बाटलीतली पातळी पुन्हापुन्हा खाली जाते. एसीचं पाणी वेगळं. त्याला रंग नसतो, ते चिकटही नसतं. पांढरं फडकं टिपून बघा. चव मात्र घ्यायची नाही, का ते पुढं सांगतो.

पातळी बघायची ती इंजिन थंड असताना. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढतो का? रेडिएटरचं झाकणही तसंच. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

कोर बिघडतो तो बहुतेक जुन्या कूलंटनं आणि बोअरच्या पाण्यानं. आपल्या पातेल्यांना जो पांढरा थर बसतो, तोच त्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट कंपनीनं सांगितलेलंच घ्या, पाणी मिसळायचं असेल तर बॅटरीचं शुद्ध पाणी वापरा. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ड्रायव्हर लोकांचा उपाय तुम्ही ऐकला असेल. वसमतची हळद कितीही नामी असो, तिची जागा डाळीत. रस्त्यात अडलं तर तेवढ्यापुरतं निभावत असेल, पण नंतर नळ्या तुंबतात.

कोर बदलायचा तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, त्यामुळं सामानापेक्षा मजुरी जड जाते. गॅरेजवाला बहुधा ड्रायव्हरकडं बघून बोलतो. पैसे गटाचे जाणार, तेव्हा सामानाचे किती आणि मजुरीचे किती, हे अध्यक्ष-सचिवांनी वेगळं लिहून मागावं. आणि विचारावं, बायपास होईल का? म्हणजे हीटरकडं जाणारे दोन होसपाईप इंजिनाजवळच जोडून टाकायचे. पुष्कळ गाड्यांत ते जमतं. हीटर चालणार नाही, धुक्यात काच फडक्यानं पुसावी लागेल. आपल्या भागात एवढं चालतं, असं आमचं मत.

आता चवीचं. साध्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि ते विष आहे. हिरवं-गुलाबी गोड पाणी अंगणात सांडलं तर लेकरू बोट बुडवून चाटतं, कुत्रं पितं, वासरू तोंड घालतं. आधी दारू प्यायल्यासारखा झोक जातो, उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि पुढं मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला परत द्या, नालीत ओतू नका. सांडलं तर माती टाकून उचला, जागा धुऊन घ्या. उरलेला डबा फवारणीच्या औषधाबरोबर कुलपात ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. लेकरानं घोटभर जरी प्यायलं असेल तरी मिठाचं पाणी देऊन ओकारी काढायला बसू नका. 108 ला फोन करा आणि डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा, म्हणजे पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना लगेच कळेल.