नव्या गायन-शिक्षकांस चार शब्द

(नव्यानें नेमणूक झालेल्या प्राथमिक शिक्षकांपुढें केलेलें भाषण)



शाळेंतील गायनाचा तास आपल्यापैकीं पुष्कळांच्या वांट्यास प्रथमच आला आहे. "आम्हांस रागरागिण्या कोठें येतात?" ही धास्ती आधीं टाकून द्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतूनच तयार करावे, असें मागणें केलें. कारण असा शिक्षक लोकांत मिसळतो व त्यांच्या गरजा ओळखतो. गायनाच्या तासाला हें दुप्पट लागू आहे.

गळा हें कोणा एका जातीचें वतन नव्हे. सत्यशोधक जलशांनीं ढोलकी-तुणतुण्यावर गांवोगांव विचार पोंचविला, तो कष्टकऱ्यांच्याच गळ्यानें. म्हणून कोणत्याहि मुलास "तुला गळा नाहीं, तूं नुसते ओंठ हलव," असें म्हणूं नका. तें वाक्य पोर जन्मभर विसरत नाहीं.

आतां कामाच्या गोष्टी ऐका. पहिल्या दिवशीं पेटी उघडूं नका. टाळ्या वाजवा, पावलें टाका, लय अंगांत भिनूं द्या. मग लहानसें गाणें एकेक ओळ करून सांगा. आपण म्हणतांना मुलांनीं ऐकावें. मुलें म्हणतांना आपण गप्प राहून ऐकावें. सदा त्यांच्याबरोबर गात राहिलांत, तर चूक कोणाची तें कळणार नाहीं.

पुरुष शिक्षकांनीं एक ध्यानांत ठेवावें. आपला आवाज मुलांहून एक सप्तक खालीं असतो. कांहीं मुलें त्या खर्जाशीं झटतात आणि घोगरीं होतात. पेटीवर मधल्या सप्तकांतील पांढरी दोनच्या आसपास षड्ज धरा, आणि सूर दाखविण्यास एखाद्या मुलीस अगर मुलास पुढें करा. "मोठ्यानें म्हणा" असें सांगितलें कीं मुलें ओरडतात. "शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येईल असें म्हणा" असें सांगा.

एखादें मूल एकाच सुरावर अडून बसतें. त्याला हंसूं नका. त्याचा जो सूर असेल तो आपण धरा, त्यांत आपला सूर मिळवा, आणि तेथून एकेक पायरी त्याला वर न्या. धीर धरला तर बहुतेक मुलें चालूं लागतात.

मुलांच्या घरचीं गाणीं मागून घ्या. जातीं थांबलीं, मोटा गेल्या. पण आजीच्या ओठीं ओवी आहे, देवळांत भजन आहे, सुगीची भलरी कोणास तरी येत असेल. आईबापांनींहि तीं मुलांस सांगावींत. मात्र एक जपा. हलगी आली कीं अमक्याच्या पोराला पुढें ओढूं नका, आणि अभंग आला कीं तमक्याच्या मुलीला मागें ठेवूं नका. जात विचारून वाद्य वांटणें म्हणजे बलुतेदारी शाळेंत आणणें होय. हलगी प्रत्येकाच्या हातीं द्या; अभंग प्रत्येकाच्या तोंडीं द्या.

वर्षअखेर कोणी विचारील कीं, आपण किती गवई तयार केले? त्यांस सांगा, "गवई कोणी नाहीं, पण गातांना लाजणारें पोर वर्गांत एकहि उरलें नाहीं." एवढें झालें तरी आपला पगार सार्थकीं लागला.